जाळीच्या दाराला तावदानं

दिल्या, तुझ्या तेराव्याला मी जिलब्या वाढत होतो. वाढायला माणसं कमी पडली आणि ताट माझ्या हातात आलं, कारण मी घरचाच. चाळीस वर्षांची दोस्ती म्हणजे घरचाच की. दुसऱ्या पंगतीला तुझा नवसारीचा आतेभाऊ बसला होता, ज्याला तू 'रेडिओ' म्हणायचास. त्याने जिलबीवर हात आडवा धरला आणि शेजारच्याला सांगितलं, "दिलीपने तरी नशीब काढलं म्हणायचं. डॉक्टरने सहा महिने दिले होते, त्याने चौदा काढले."

मी विचारलं, "कसले चौदा?"

सगळी पंगत गप्प झाली. रेडिओसुद्धा. शोभावहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या, त्या आत वळल्या. नीला, माझी स्वतःची बायको, मठ्ठ्याचं भांडं घेऊन माझ्यामागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भांड्यात पाहिलं. तेव्हा मला समजलं की तिलाही माहीत होतं.

मी ताट खाली ठेवलं नाही. राहिलेल्या सगळ्यांना जिलबी वाढली, एकदोघांना आग्रहही केला. मग हात धुतले, चपला घातल्या आणि कोणाला न सांगता घरी निघून आलो. त्याला आज तीन दिवस झाले. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मीही बोलेन, पुढे कुठेतरी. आधी माझं ऐकून घे, कारण ज्याच्याशी भांडायचं तो गेला आणि बाकीचे सगळे तुझ्या पार्टीचे निघाले.

आपण कारखान्यात भेटलो तेव्हा तू मेंटेनन्सचा फिटर आणि मी सेफ्टीचा. दोन खात्यांचं जन्मजात वाकडं. आम्ही कामं करतो आणि तुम्ही कामं थांबवता, असं तू चारचौघांत म्हणायचास. टाकीच्या आत दुरुस्ती निघाली की तू मॅनहोलमधून आत उतरायचास आणि मी बाहेर दोरीचं टोक धरून बसायचो. टाकी धुऊन रिकामी केली तरी आतली हवा कधी दगा देईल याचा भरवसा नसतो. म्हणून तिथे एक नियम होता, बाकीचे सगळे त्याच्यानंतर. आतल्याने बाहेरच्याला खरं सांगायचं. डोकं जड झालं, जीव घाबरला, श्वास पुरेना, लगेच बोलायचं. त्यात लाज नाही. बाहेरचा ओढून काढतो आणि नंतर कोणी कोणाला हसत नाही.

नियम मोडण्यात तुझा हात धरणारा कोणी नव्हता. हेल्मेट तू डोक्यापेक्षा काखेत जास्त घातलंस. पण हा एक नियम तू कधी मोडला नाहीस. एकदा आतून ओरडलास, "शऱ्या, ओढ!" मी आणि दोघा हेल्परांनी तुला ओढून काढलं. बाहेर येऊन तू भडाभडा ओकलास, जमिनीवर पडून राहिलास, आणि बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य काय, तर "चाल, चहा पाज आता." त्या चहापासून आपली दोस्ती. पुढे रविवारची शेव-उसळ, एकमेकांच्या मुलांची लग्नं, तुझ्या आईचं आजारपण, माझी बायपास. माझ्या बायपासच्या वेळी तू अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपलास. मला सगळं माहीत होतं, तुलाही सगळं माहीत होतं. मी तरी असंच समजत होतो.

रिटायर झाल्यावर तू ती शाळेने मोडीत काढलेली मिनीबस आणलीस. अंगावर पिवळा रंग, आत चिक्कीचे कागद आणि एका सीटखाली कोणाचा तरी कंपास. गावाबाहेर छाणीला ओळखीच्या माणसाच्या बंद गोडाऊनच्या आवारात ती उभी केलीस आणि म्हणालास, "हिचं घर करायचं. दिवाळीनंतर आपण चौघं कच्छच्या रणात जायचं, आणि हॉटेल नाही, तंबू नाही, आपल्या गाडीत झोपायचं." मी म्हटलं, तुला वेड लागलंय. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मीच आधी पोचलो.

दोन वर्षं आपण त्या गाडीवर काम केलं. खरं सांगतो, कारखान्यातल्या सगळ्या वर्षांत मजा आली नाही एवढी त्या दोन वर्षांत आली. आणि सगळं कारखान्याच्या पद्धतीने, परमिटवर. तूच नव्वद पानी वही आणलीस. दर कामाला एक पान. काम काय, धोका काय, करणारा कोण, परवानगी देणारा कोण. करणारा तू, परवानगी देणारा मी. माझ्या सहीशिवाय एक स्क्रू फिरायचा नाही. बायका आपल्याला हसायच्या. नीलाने तुला विचारलं होतं, "लग्नाच्या वेळी पण ह्यांची सही घेतली होती का?" तू म्हणालास, "घेतली असती तर वाचलो असतो." शोभावहिनींनी तुला लाटणं दाखवलं होतं, आठवतंय?

मग ते जाळीचं दार आलं. गाडीच्या मागच्या पत्र्याच्या दाराच्या आत तू दुसरं दार केलंस. ॲल्युमिनियमची चौकट, मधून एक आडवी आणि एक उभी पट्टी, त्यामुळे वर दोन आणि खाली दोन असे चार चौकोन, त्यात बारीक मच्छरजाळी. आपोआप मिटावं म्हणून स्प्रिंग. दार सुरेख झालं होतं, ते मी त्या दिवशी म्हटलं नाही, आज म्हणतो. कोपऱ्यातले सांधे असे जुळवले होतेस की नख अडकत नव्हतं.

पण रणात वारा सुटला की जाळी काय थांबवणार? मीठ आणि धूळ सरळ अंथरुणात. आणि पत्र्याचं दार लावून घेतलं तर आत काळोख, बाहेर पौर्णिमा. मग एवढ्या लांब जायचं कशाला, छाणीलाच झोपू. मी उपाय काढला. जाळीच्या आतल्या बाजूने पारदर्शक प्लास्टिकची चार तावदानं बसवायची. कडेने रबराची पट्टी आणि प्रत्येकाला चार फिरक्या, आपल्या जुन्या कपाटांना असायच्या तशा. थंडी-वारा असला की लावा, उकडलं की फिरक्या फिरवा आणि काढून पलंगाखाली सरकवा. यात नाही म्हणण्यासारखं काही होतं का, सांग.

तू नाही म्हणालास. "जाळी ती जाळी. हवा यायला पायजे."

मी वहीत पान केलं. काम: जाळीच्या दाराला तावदानं. धोक्याच्या रकान्यात तू लिहिलंस: हवा कोंडणे. मी खाली लिहिलं: छताला व्हेंटिलेटर आहे. तू लिहिलंस: माणसं चार, व्हेंटिलेटर एक. मी लिहिलं: खिडक्या दोन. तू लिहिलंस: खिडक्या थंडीत बंद. असं चार पानं चाललं. तुझ्या अक्षरात, माझ्या अक्षरात, तारखा घालून. दोन म्हातारी माणसं एका पत्र्याच्या डब्यात समोरासमोर बसून एकमेकांना लेखी उत्तरं देत होती.

आणि इथेच तू मला फसवलंस. "शऱ्या, माझं फुप्फुस आतून कडक होत चाललंय, मला कोंडतं" असं म्हणाला असतास तर विषय तिथे संपला असता. मी तावदानांचं नावही पुन्हा काढलं नसतं. पण तू धोक्याचा रकाना भरलास आणि मी आयुष्यभराच्या सवयीने रकान्याला उत्तर देत बसलो. रकान्यात काही लिहिलं की मी ते खरं मानतो, हे तुझ्याएवढं कोणाला माहीत होतं? शोभावहिनी असत्या तर त्यांनी वही बाजूला ठेवून तुझ्या तोंडाकडे पाहिलं असतं. आपण दोघं गाढवं, आपण वहीत पाहत राहिलो. त्यातलं एक गाढव मात्र सगळं जाणून होतं.

मी हट्टाने शीट आणली. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या प्लास्टिकवाल्या भरतभाईने बोटाने टकटक करून दाखवलं, "काका, एकदम काच जेवुं लागशे." अगदी काचेसारखं वाटेल म्हणे. घरी गॅलरीत पाट टाकून मी चार तावदानं कापली. कटरने रेघ मारायची, परत मारायची, परत मारायची, मग पाटाच्या कडेवर ठेवून दाबायचं, की सरळ तुटते. भोकं पाडताना घाई केली की कोपरा तडकतो. माझं पहिलं तडकलं. दुसऱ्यांदा चिकटपट्टी लावून, ड्रिल हळू फिरवत पाडली. चारही कडा पॉलिश पेपरने घासल्या. तुला दाखवायच्या होत्या रे. तुझ्या सांध्यांच्या तोडीचं काम झालं होतं.

मग मी तो मीटरचा उपद्व्याप केला. ओळखीच्या कंत्राटदाराकडून ऑक्सिजन मोजायचा मीटर मागून आणला. श्रावणातली सकाळ होती. मी तावदानं चिकटपट्टीने तात्पुरती लावली, खिडक्या बंद केल्या, व्हेंटिलेटरवरही पुठ्ठा ठेवला, आणि म्हटलं, "चल, वीस मिनिटं दोघं आत बसू. आकडा खाली आला तर तू जिंकलास." तू टाळायला पाहिलंस. म्हणालास, "राहू दे ने, मानलं तुझं." मी म्हटलं, असं मानायचं नाही, मोजून मानायचं.

आत बसलो. मीटर मधे ठेवला. वीस पूर्णांक नऊ. मोकळ्या मैदानात शेकडा असतो तेवढाच ऑक्सिजन. पाच मिनिटांनी वीस पूर्णांक नऊ. तू शर्टाचं वरचं बटण काढलंस. मग दुसरं. आठव्या की नवव्या मिनिटाला तू उठलास आणि दार असं ढकललंस की वरचं एक तावदान निसटून खाली पडलं. बाहेर जाऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकलास. मी मागोमाग उतरलो आणि मीटर तुझ्या तोंडासमोर धरला. "बघ! डोळे फाडून बघ! वीस पूर्णांक नऊ! हवा चांगली आहे, तूच नाटकी आहेस." गोडाऊनचा वॉचमन हसला. तुला बोलता यायला बराच वेळ लागला. मग म्हणालास, "मीटर बिघडलंय." आणि मी आणखी मोठ्याने हसलो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी गाडीतली हवा मोजत होतो.

त्यावर मी थांबायला हवं होतं. मी नाही थांबलो. मी म्हटलं, "सगळ्या जगापुढे हरतोस, माझ्यापुढे एकदा हरायला तुला काय होतं?" तू म्हणालास, "तुला काही समजत नाही, शऱ्या." मी म्हटलं, "मग समजाव." तू माझ्याकडे पाहिलंस, आणि तोंड उघडलंस. मी हे शपथेवर सांगतो, दिल्या, तू सांगणार होतास. मग ते तोंड तू मिटलंस, स्कूटरला किक मारलीस, ती पहिल्या किकला लागली नाही, दुसऱ्या किकला लागली नाही, वॉचमनने मारून दिली, आणि तू गेलास. त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद.

मग गणपती उठले आणि चार दिवसांनी सकाळी शोभावहिनींचा फोन आला. "भावजी, या." नीला तर माझ्याआधी पायात चपला घालून तयार होती. तेव्हाही मला काही खटकलं नाही. दवाखान्यात पोचलो तर संपलेलं होतं. न्यूमोनिया म्हणाले. मी विश्वास ठेवला. तुला खांदा दिला, आणि स्मशानात येईल त्याला सांगत राहिलो, "अहो, धडधाकट माणूस, तीन दिवसांत गेला." ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या निम्म्यांना खरं माहीत होतं. ते माझ्याकडे बघून मान हलवत होते. चौदा महिने तू मला वेड्यात काढलंस, आणि मेल्यावरही तेरा दिवस काढलंस.

तेराव्याहून नीला घरी आली तेव्हा मी तिला एकच विचारलं, "किती दिवस?"

"चार महिने. शोभा रडत होती, तिच्या तोंडून निघून गेलं. मग भावजींनी मला शपथ घातली."

"कोणाची?"

"तुमचीच."

बघ म्हणजे. माझ्याच जिवाची शपथ घालून माझ्याच बायकोचं तोंड बंद केलंस. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती बिचारी ताट वाढायची, मी जेवायचो. चाळीस वर्षांत मी तिच्यावर असा रुसलो नव्हतो. रुसायचं होतं तुझ्यावर, पण तू भिंतीवर हार घालून बसलेला.

काल शोभावहिनी आल्या. मी उठून आत जायला लागलो तर म्हणाल्या, "भावजी, रागवा. पण बसून रागवा." मग मी बसलो.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं? रेडिओला सांगितलं, मला नाही?"

त्या म्हणाल्या, "मी दहादा म्हटलं त्यांना. ते म्हणायचे, ज्या दिवसापासून कळलंय त्या दिवसापासून मुलगा फोनवर हळू बोलतो, तू हळू बोलतेस, भाजीवालासुद्धा 'काका, बेसो ने, बेसो' करत स्टूल पुढे सरकवतो. सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलल्यासारखे बोलतात. एकटा शऱ्या आहे जो माझ्यावर ओरडतो. तेवढं एक राहू दे मला."



"तुमच्याशी भांडून आले ना, की त्या दिवशी एक पोळी जास्त खायचे," त्या म्हणाल्या. "वही घेऊन बसायचे, तुम्हाला काय उत्तर लिहायचं म्हणून. मला वाचून दाखवायचे. हसता हसता खोकला लागायचा, तरी हसायचे."

तेव्हा मी रडलो. दोन बायकांसमोर, खुर्चीत बसून, मोठ्याने. आणि आता ते चांगलं बोलायचं म्हणालो होतो, ते बोलून टाकतो. तू माझ्या भांडण्यावर एवढा जीव लावलास याचं मला बरं वाटलं. माझ्या तोंडाला आयुष्यभर सगळे वैतागले, मुलगी वैतागली, साहेब वैतागले, आणि तू ते औषधासारखं घेत होतास. जगात कोणाला तरी माझा आरडाओरडा हवा होता. यासाठी तुझे उपकार, दिल्या. मनापासून.

पण रात्र गेली, सकाळ झाली, आणि राग होता तिथेच होता. कारण हे सगळं तू एकट्याने ठरवलंस. तुला भांडणारा मित्र हवा होता, तो तुला मिळाला. मला काय हवं होतं हे कोणी विचारलं? मला तुझ्या बाकावर बसायचं होतं. माझ्या वेळेला तू अकरा दिवस झोपलास, माझी पाळी आली तेव्हा तू बाकच काढून घेतलास. मला ओरडताच येतं असं तुला का वाटलं? मॅनहोलपाशी दोरी धरून मी तासन् तास गप्प बसलेलो आहे. तुझ्यासाठीच बसलेलो आहे. आणि आतल्याने बाहेरच्याला खरं सांगायचं, हे तू चौदा महिने केलं नाहीस, म्हणून मी बाहेर बसून मीटर घेऊन हसत राहिलो. तू मला असा माणूस केलंस, की जो मरणाऱ्या मित्राच्या तोंडासमोर मीटर धरून त्याला नाटकी म्हणतो. ते आता पुसून निघणार नाही.

खोटं बोलत नाही, मला कळलं असतं तर मी रणाच्या परमिटवर सही केली नसती. पहिल्या दिवशी फाडून टाकलं असतं. दिल्या, घरात पड, मुकाट्याने गोळ्या घे, कसलं रण नि कसलं काय. ते तुला पक्कं माहीत होतं. तिथे तू मला बरोबर ओळखलं होतंस. माझा राग त्यावर जास्त आहे. एवढं ओळखूनही तुला असं कधी वाटलं नाही की हा सही करणार नाही, आरडाओरडा करेल, आठ दिवस अबोला धरेल, आणि मग नवव्या दिवशी येऊन सही करेल. मी केली असती की नाही मला ठाऊक नाही. पण ते ठरवायला मला आठ दिवस तरी द्यायचे होतेस.

जाताना वहिनींनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "तुमची ती तावदानं बसवून टाका. मला धूळ सोसत नाही. दिवाळीनंतर आपण तिघं जाऊ." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आज सकाळी छाणीला जाऊन बसवून आलो. चारही आपापल्या चौकोनात हाताने ढकलली तशी बसली, कुठे सूतभर कमी नाही की जास्त नाही. सोळा फिरक्या लावल्या. वॉचमनला बाहेर झाडू मारायला लावला आणि मी आत दार लावून बसलो. धुळीचा लोट उठला, तावदानावर येऊन थांबला. आत काही आलं नाही, आणि बाहेरचं लिंबाचं झाड स्वच्छ दिसत होतं. म्हणजे मी बरोबर होतो. तुझ्याशी चाळीस वर्षं भांडलो, पहिल्यांदा पुराव्यासकट जिंकलो, आणि मला त्याचा एक पैशाचा आनंद झाला नाही. मी तसाच बसून राहिलो. वॉचमनने काचेवर, म्हणजे त्या प्लास्टिकवर, टकटक करून विचारलं, "काका, ठीक छो?" मी हो म्हटलं. हे पण खोटंच. मलाही आता येतं.

नीलाशी संध्याकाळी बोललो. म्हटलं, चहा कर. तिने केला. आणि चहा पिताना आम्ही दोघंही एकाच गोष्टीबद्दल गप्प होतो. ती गोष्ट शोभावहिनींना माहीत नाही. तू सांगितली नसशील, आम्ही तर सांगणारच नाही. ती इथे लिहितो.

गणपतीतली सकाळ होती, अकराचा सुमार. आपला अबोला चालू होऊन तीन आठवडे होत आले होते. खालून हाक आली, "शऱ्या!" मी गॅलरीत गेलो. खाली आमच्या दांडिया बाजारात ही गर्दी, आणि तू फरसाणवाल्याच्या दारात स्कूटर लावून वर बघत उभा होतास. हातात खोका. मला आतून इतकं बरं वाटलं, दिल्या. वाटलं, आला, शेवटी आला. पण ते मी तोंडावर कसं दाखवणार?

तू ओरडलास, "प्रसाद आणलाय!"

मी म्हटलं, "मग वर आण."

"तू ये ने खाली!"

"मी का येऊ? चुकलं कोणाचं?"

नीला तेवढ्यात आतून दोरीची टोपली घेऊन आली, जी भाजीसाठी आम्ही खाली सोडतो. मी तिचा हात धरला आणि तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "टोपली कशाला? पाय नाहीत का त्याला?"

तुला ऐकू गेलं. तू आमच्या जिन्याच्या दाराकडे बघितलंस. चांगला मिनिटभर बघत राहिलास, एक हात स्कूटरच्या सीटवर ठेवून. एक पाऊल पुढे टाकलंस, हे मी पाहिलं. मग थांबलास, वर बघून हसलास आणि म्हणालास, "घाई आहे रे आज." खोका फरसाणवाल्याच्या गल्ल्यावर ठेवलास आणि गेलास. मी नीलाला म्हटलं, "माज बघितलास?" टोपली हातात धरून ती तशीच उभी राहिली. तो प्रसाद फरसाणवाल्याने वर पाठवला, मी त्याला हात लावला नाही. त्यानंतर तू मला जिवंत दिसला नाहीस.

आमच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. आज येताना मोजल्या. "शऱ्या, मला चढवत नाही." एवढंच ओरडायचं होतंस खालून. सगळ्या दांडिया बाजाराने ऐकलं असतं तरी चाललं असतं. मी अनवाणी खाली आलो असतो रे.